मालिका दिग्दर्शकाने ब्रिटनला यायचं तर आधी व्हिसा बघा

तुम्ही विचारलंय की मराठी मालिकांचं बरीच वर्षं दिग्दर्शन केल्यावर ब्रिटनला येऊन टीव्हीतच काम करायचं असेल, तर इथे पदवी घ्यावी की थेट निर्मितीसंस्थांना लिहावं. मी इथे माहितीपर कार्यक्रमांवर प्रोड्यूसर-डायरेक्टर म्हणून काम करते. माझं स्पष्ट मत आहे की व्हिसाचा प्रश्न सुटल्याशिवाय तिकडची मालिका सोडू नका.

इथे दिग्दर्शकाला कायमची नोकरी क्वचितच मिळते. बहुतेक सगळे फ्रीलान्स असतात. एका कार्यक्रमाचे सहा आठवडे, दुसऱ्याचे तीन महिने, मध्ये रिकामे दिवस. नोकरीच्या जोरावर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाला मात्र परदेशी माणसं नेमायचा परवाना असलेली कंपनी आणि सरकारने ठरवलेला किमान पगार लागतो, शिवाय तो व्हिसा त्या कंपनीशीच बांधलेला असतो. तीन महिन्यांच्या कामासाठी एवढा खर्च सहसा कुणी करत नाही. भारतातून पाठवलेल्या ईमेलना उत्तरं येत नाहीत ती मुख्यतः यामुळे. तुमचं काम कमी पडलं असं कृपया समजू नका.

मग उरतात तीन रस्ते. जोडीदाराला इथे स्किल्ड वर्कर म्हणून नोकरी लागली, तर त्यांच्यासोबत येऊन तुम्हाला फ्रीलान्स काम करता येतं. हा सगळ्यात सोपा. दुसरा ग्लोबल टॅलेंट व्हिसा, म्हणजे आपल्या क्षेत्रात नाव कमावलेल्यांसाठीचा. चित्रपट-टीव्हीवाल्यांचे अर्ज आर्ट्स काउन्सिल इंग्लंड या कलाक्षेत्रातल्या सार्वजनिक संस्थेकडे जातात आणि पॅक्ट ही निर्मात्यांची संघटना ते तपासते. तिथे पुरस्कार, नामांकनं आणि देशाबाहेर घेतली गेलेली दखल बघतात. मालिका घराघरांत पोचली, टीआरपी उत्तम होता, एवढ्यावर भागत नाही. एखादा लघुपट किंवा माहितीपट महोत्सवांत गेला असेल तर त्याचे कागद आजच जमवायला घ्या.

तिसरा रस्ता शिक्षणाचा. बीकन्सफील्डचं नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल खरोखर चांगलं आहे, पण स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही, म्हणजे फ्रीलान्स बंद. पदवी मिळाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर ती मुभा मिळते. त्याची मुदत दोन वर्षं आहे, आणि १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना दीडच वर्ष मिळणार आहे. तेवढ्यात ओळखी करायच्या, नावावर कामं लावायची आणि पुढच्या व्हिसाची सोयही बघायची. कर्ज काढून येणार असाल तर हे गणित घरच्यांसोबत बसून मांडा.

आता कामाबद्दल. तुमच्या सेटवर सीन कधीकधी सकाळी हातात येतो, आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपलेली असते, आज शूट झालेलं परवा टेलिकास्टला जायचं असतं आणि एडिटला बसायला तुम्हाला वेळच नसतो. इथल्या ड्रामात, म्हणजे कथामालिकांत, दिग्दर्शकाला काही भागांचा एक ब्लॉक मिळतो. आधी तयारीचे दिवस, मग शूटिंग, मग एडिटरसोबत पहिला कट. हे वाचून हात शिवशिवतील, माझेही शिवशिवले होते. पण नवख्या दिग्दर्शकांना ड्रामाची पहिली संधी जिथे मिळायची, ती बीबीसीची ‘डॉक्टर्स’ मालिका नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. ‘होल्बी सिटी’ त्याआधीच, २०२२ मध्ये संपली. उरलेल्या मालिकांच्या दारात इथलेच अनुभवी लोक उभे आहेत. एके काळी चित्र वेगळं होतं. लखनौला जन्मलेले वारिस हुसेन १९६० मध्ये बीबीसीत प्रशिक्षणार्थी दिग्दर्शक म्हणून लागले आणि १९६३ मध्ये त्यांनी ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या विज्ञानकथा मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित केली. तेव्हा ते जेमतेम चोविशीत होते. संस्थेने पगार देऊन दिग्दर्शक घडवायचा, तो काळ आता जवळजवळ सरला आहे.

म्हणून मी माहितीपर कार्यक्रमांकडे बोट दाखवते. इथली पायरी रनर (सेटवरची पडेल ती कामं करणारा), रिसर्चर, असिस्टंट प्रोड्यूसर, प्रोड्यूसर-डायरेक्टर, सीरिज प्रोड्यूसर अशी चढते. यातला प्रोड्यूसर पैसे लावत नाही, तो मजकुराची जबाबदारी घेतो. मी स्वतः कॅमेरा चालवते, मुलाखत घेते, माणसांकडून संमतीपत्रांवर सह्या घेते, शूटच्या आधी धोक्यांचं मूल्यांकन लिहून देते आणि पुढे एडिटलाही बसते. ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या संहितेत खासगीपणाचे नियम कडक आहेत. इस्पितळात किंवा पोलिसांसोबत शूट करताना कुणाचा चेहरा दाखवायचा आणि कुणाचा झाकायचा, यावर कधीकधी शूटिंगपेक्षा जास्त वेळ जातो. मला हा भाग मनापासून आवडतो, कारण कॅमेऱ्यासमोरचा माणूस उद्याही त्याच गल्लीत राहणार असतो.

तुम्हाला बहुधा असिस्टंट प्रोड्यूसर म्हणून सुरुवात करावी लागेल. सेटवर शंभर माणसं हलवलेल्या दिग्दर्शकाला हे जड जातं, तरी ते स्वीकारा. घाईत निर्णय घ्यायची तुमची सवय दोन-तीन कार्यक्रमांत लोकांच्या नजरेत भरते.

लंडनचाच हट्ट धरू नका. सॅलफर्डला बीबीसी आणि आयटीव्ही दोन्ही आहेत, लीड्सला चॅनल ४ चं मुख्यालय, ब्रिस्टलला वन्यजीवांवरचे कार्यक्रम, शिवाय कार्डिफ आणि ग्लासगो. लंडनबाहेर ठरावीक प्रमाणात निर्मिती करणं वाहिन्यांवर ऑफकॉमने बंधनकारक केलंय, त्यामुळे तिथे राहणाऱ्या माणसाला मागणी असते. अशा कामांना गाडी चालवता येणं लागतंच. भारतीय परवाना इथे बारा महिने चालतो, तेवढ्यात इथला काढा.

पैशांचं म्हणाल, तर २०२३ पासून वाहिन्यांनी नवे कार्यक्रम कमी केलेत आणि माझ्याहून अनुभवी सहकारी महिनोन्महिने घरी बसलेत. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, आणि आल्याबरोबर बेक्टू या टीव्ही-चित्रपटात काम करणाऱ्यांच्या युनियनचं सभासदत्व घ्या. करारातली अडचण तिथे विचारता येते.

काम मागताना पाठवायच्या नमुन्यांच्या शोरीलमध्ये मालिकेचे भरजरी सीन एकामागून एक लावू नका. खरी माणसं, खरी जागा, तुम्ही स्वतः चालवलेला कॅमेरा असं दोन-तीन मिनिटांचं काहीतरी हवं. ते नसेल तर निघण्याआधी तिकडेच एखादा छोटा माहितीपट करा, इंग्रजी सबटायटल्स घाला आणि सीव्हीत प्रत्येक कामापुढे त्यात नेमकं तुम्ही काय केलं ते एका ओळीत लिहा.