उन्हाळ्यात ट्रॅक्टर गरम होऊ नये म्हणून काय करावं?

नांगरट करताना तापमानाचा काटा वर चढत असेल तर आधी रेडिएटरची जाळी बघा. भुसा, धूळ, पाचोळा अडकला की हवा आत जातच नाही. बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं. हवेचा झोत इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, पण बेताने, नाहीतर आतल्या पातळ पट्ट्या वाकतात. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, गंज धरतो, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घाला. पंखा फिरवणाऱ्या पट्ट्याचा, म्हणजे फॅनबेल्टचा ताणही तपासा.

काटा लाल पट्ट्याकडे गेला तर भार काढून इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवा. कूलंट गळत असेल तर मात्र लगेच बंद करा. आणि कळकळीने सांगतो, गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.