रात्रपाळी आणि ऑक्सिजनची चावी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पीएचडीला जीन थेरपी घेऊ की स्टेम सेल, असं विचारलं आहेस. म्हणजे दुकान आधी ठरवायचं आणि काय घ्यायचं ते मागाहून! तूर्त दोन्ही बाजूला ठेव आणि एखाद्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आरओपीची तपासणी बघून ये. आरओपी म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार, डोळे घालवू शकणारा. अपुऱ्या दिवसांचं बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असतं, नर्स डोकं धरते, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात आणि डॉक्टर डोळ्यातल्या पडद्याच्या पार कडेपर्यंत बघतात. आई दाराबाहेर उभी असते. ते रडणं एकदा कानात बसलं की विषय निवडणं सोपं जातं.

पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि नऊ महिने भरता भरता कडेला पोचतात. बाळ आधीच जन्मलं तर हे काम अर्धवट राहतं. त्यात ऑक्सिजन जास्त झाला की वाढ थांबते. पुढे उपाशी पडदा व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन भरमसाट सोडतो, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढून सोडवतात.

हे आज दोन ओळींत सांगता येतं. १९५१ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात अर्नाल पॅट्झ या तरुण डॉक्टरला तेवढा संशय आला होता, की जीव वाचवणारा ऑक्सिजनच डोळे घालवतोय. त्याने बाळांचे दोन गट केले, एकाला भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला गरजेपुरता. सरकारी अनुदान नाकारलं गेलं, कारण ऑक्सिजन कमी करणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ. मग त्याने भावाकडून पैसे उसने घेतले. आणि रात्रपाळीच्या काही नर्स काय करत? कमी ऑक्सिजनच्या बाळांची चावी गुपचूप वाढवून ठेवत. दुष्टपणा नव्हता त्यात, माया होती. १९५३-५४ मध्ये अठरा रुग्णालयांनी मिळून अभ्यास केला तेव्हा पॅट्झ बरोबर ठरला. मग सगळीकडे ऑक्सिजन इतका आखडला गेला, की श्वासाच्या त्रासाने दगावणारी बाळं वाढली. बरोबर उत्तरसुद्धा असं अंगावर येतं.

त्या नर्सना मी पूर्वी हसायचो. मग माझी वेळ आली. आरओपीसारखा आजार घडवायला आम्ही उंदराची सात दिवसांची पिल्लं पाच दिवस ७५ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवायचो, बाहेर काढायचो आणि वयाच्या सतराव्या दिवशी डोळ्याचा पडदा सोडवून, चार काप देऊन, पाकळ्या उघडाव्यात तसा काचेवर पसरायचो. सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या उजळल्या की वेड्यावाकड्या वाहिन्यांच्या नव्या गाठी मोजायच्या. माझं औषध चालतंय असं मला मनोमन वाटत होतं आणि कुठली काच औषधाच्या पिल्लाची, ते माझ्याच अक्षरात लेबलवर होतं. पुसट गाठ दिसली की औषधाच्या काचेवर ती ‘डाग’ व्हायची, दुसऱ्या काचेवर ‘गाठ’. एका सहकाऱ्याने लेबलांवर पट्ट्या चिकटवून पुन्हा मोजलं. फरक नाहीसा! आठ महिने गेले. चावी मीच फिरवत होतो.

तेव्हा पहिल्या दिवसापासून लेबलं दुसऱ्याच्या ताब्यात दे. गाठ कशाला म्हणायचं ते मोजण्याआधी लिहून काढ. गाइड निवडताना त्यांचे पेपर किती, यापेक्षा त्यांच्या लॅबमध्ये फसलेला प्रयोग उघड सांगता येतो का, ते जुन्या विद्यार्थ्यांना चहा पाजून विचार.

आणि विषय रेणूंचाच हवा असं नाही. श्रीमंत देशांत हा आजार आता बहुतेक अगदी चिमुकल्या बाळांना होतो, आपल्याकडे दीड किलोच्या वरच्याही बाळांना. म्हणून आपल्याकडे दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची तपासणी तीस दिवसांच्या आत करायची असते. छोट्या गावात हवेत मिसळून मोजका ऑक्सिजन देण्याची सोय असते का, मॉनिटरचा अलार्म रात्री कोण ऐकतं, डिस्चार्जच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख असते का, हेही संशोधनच आहे. त्याला ग्लॅमर कमी, एवढंच.

तपासणीला जाशील तेव्हा आधी नर्सशी बोल, डॉक्टरांशी नंतर. रात्री चावी कोणाच्या हातात असते, ते विचार आणि मला लिही.

तुझा,
सर