करंगळी बधिर आणि बुडापेस्ट अजून लांब

दर उन्हाळ्यात माझ्याकडे एकाच सायकल सफरीचे प्रश्न येतात. जर्मनीतल्या पासाऊहून निघायचं आणि डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्ट गाठायचं. सुमारे सव्वासहाशे किलोमीटर, तेही एकट्याने. खुणांच्या पाट्या ठिकठिकाणी आणि चढ नावापुरते, त्यामुळे शरीराकडे बघायला नको अशी समजूत पक्की. तेच तेच प्रश्न असल्याने एकदाच लिहितो. मी हाडांचा आणि खेळाडूंच्या दुखापतींचा डॉक्टर आहे. व्हिसाचं आणि तंबूचं मला विचारू नका.

सायकलिंगच्या पॅडवाल्या चड्डीच्या आत अंतर्वस्त्र घालावं का? – वाचक, कोल्हापूर

नाही. शिवण घासते, कातडी सोलवटते. चड्डी रोज धुतलेली हवी.

मेमध्ये ही सफर केली. ऑस्ट्रियातल्या मेल्कच्या पुढे दोन्ही करंगळ्यांना मुंग्या यायला लागल्या. परत येऊन पाच आठवडे झाले तरी उजवी अजून बधिर आहे. ग्रुपवर सांगतात, चालायचंच, जेलचे ग्लोव्ह्ज घ्या. ऑगस्टपर्यंत वाट पाहू का? – वाचक, ठाणे

नाही पाहायची. याच आठवड्यात दाखवा.

तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाजवळ एक छोटं हाड हाताला लागतं. त्याच्या शेजारच्या अरुंद बोगद्यातून अल्नर नावाची नस जाते. हँडलवर भार टाकून तासन् तास बसलं की ती तिथेच दाबली जाते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते ती त्यामुळे. आपल्या घाटांत सराव केलेल्यांना हे कळत नाही, कारण घाटात माणूस पॅडलवर उभा राहतो, उतारावर पाय थांबवतो, पकड बदलतो. डॅन्यूबच्या काठी मात्र सपाट रस्ता, पाठीवर पश्चिमेचा वारा आणि तासन् तास एकच बैठक. सोपा रस्ताच हाताला महाग पडतो.

त्यात पासाऊला भाड्याची सायकल घ्यायची आणि सीट अंदाजाने वर-खाली करून तसंच निघायचं. बूड दुखलं की सीटचं टोक खाली झुकवायचं. मग शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. यावर दुकानदार जेलचे ग्लोव्ह्ज विकतो, वर जेलचं सीट कव्हरही. गादी जाड केल्याने भार हलत नाही. हँडल थोडं वर आणि जवळ घेतल्याने हलतो. हे काम मोजायच्या टेपने आणि पान्याने होतं, पण दुकानात त्याची किंमत लागत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. घरच्या सायकलचं माप, म्हणजे पॅडल ज्या आसावर फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, कागदावर लिहून न्या. तिथे तेवढंच लावून घ्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदला.

मुंग्यांपेक्षा मला भीती ताकद जाण्याची वाटते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. कागद धरून ठेवायला अंगठ्याचं टोक वाकवावं लागत असेल, शर्टाचं बटण लागत नसेल किंवा किल्ली फिरवताना हात अडखळत असेल, तर नसेची स्नायूंकडे जाणारी शाखाही दुखावलेली असू शकते. काहींना तर मुंग्या अजिबात येत नाहीत, नुसती शक्ती जाते, आणि मग अंगठ्याशेजारचं मांस बसत जातं. वेळेत भार हटवला तर बहुतेक हात काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत पूर्ववत होतात. पण नस मनगटात दाबली आहे, कोपरात की मानेत, हे तपासल्याशिवाय ठरत नाही. ग्रुपवर तर नाहीच ठरत.

नाश्त्याबरोबर एक पेनकिलर घेतली की दिवस निघतो, असं अनुभवी मंडळी सांगतात. – वाचक, नाशिक

अनुभवी मंडळींचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, कोणी केलीय का? उन्हात पाणी कमी पडलेलं असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणं मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. शिवाय दुखणं झाकलं जातं आणि तुम्ही दुखावलेल्या गुडघ्यावरच पुढचा दिवस काढता. रोज गोळी लागत असेल तर सफर थांबवून डॉक्टर गाठा.

गुडघा समोरून दुखतो. – वाचक, पुणे

बहुधा सीट खाली आहे. मागून दुखला तर बहुधा वर. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला. सूज असेल तर सीटला हात लावू नका, मला किंवा जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

वय 58, मधुमेह, ग्लिमेपिराइड चालू. एकटा जाऊ का? – वाचक, सांगली

तुमच्या डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्याशिवाय नाही. दिवसभर पॅडल मारल्यावर साखर त्याच रात्री झोपेत उतरू शकते, आणि खोलीत तुम्ही एकटेच असाल. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी पिशवी भरून ठेवा. ग्लुकोजच्या गोळ्या सामानाच्या बॅगेत नकोत, खिशात हव्यात. औषधं मूळ पाकिटांत, सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र. इथली चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालेलच असं धरू नका. विम्याच्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेत का, तेही वाचा. आणीबाणीला सगळीकडे 112.

गवतात बसलो तर गोचीड चावते म्हणे. रॉकेल लावून काढावी का? – वाचक, म्युनिक

रॉकेल नको, तूप नको, काडी नको. बारीक चिमटा कातडीलगत लावा आणि सरळ वर ओढा. ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीत गोचिडीतून मेंदूज्वराचा विषाणू येऊ शकतो. त्यावर लस आहे, पण पहिल्या दोन डोसांतच साधारण एक ते तीन महिने जातात, म्हणून तिकीट काढतानाच तिथल्या डॉक्टरांशी बोला. लाइम हा जिवाणूचा आजार वेगळा, त्याला ही लस चालत नाही. चावल्यावर तीन ते तीस दिवसांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर फोटो काढा आणि त्याच दिवशी तिथेच दाखवा. भारतातून जाणाऱ्यांनीही परतायची वाट पाहू नये. इथे हा आजार सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.