पट्टेरी घायपाताला खानदेशचं ऊन सोसेल का?

ताई, सोसेल, पण एकदम नाही. बांधावरचा साधा हिरवा घायपात जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांतही तग धरतो, म्हणून पट्टेरीही तसाच राहील असं समजू नका. पानाच्या पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतं. तोच भाग आधी भाजतो. मी पहिलं रोप नर्सरीच्या सावलीतून आणून एप्रिलमध्ये थेट गच्चीवर ठेवलं होतं. आठवड्यात पट्ट्यावर कागदासारखे तपकिरी डाग पडले, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. म्हणून सकाळचं कोवळं ऊन द्या आणि दुपारी भिंतीची किंवा हिरव्या जाळीची सावली. लावायचं तर दिवाळीनंतर, म्हणजे मुळं धरायला हिवाळा मिळतो.

खरा घात मात्र पाण्यानं होतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिखल धरून ठेवते आणि घायपात बुडापासून सडतो. सपाट वाफ्यात लावूच नका. मुरूम आणि जाड वाळू घालून वीतभर उंच गादी करा, बुंधा मातीत गाडू नका. उन्हाळ्यात माती खोलवर सुकली की मगच भरपूर पाणी, तेही संध्याकाळी. पावसाळ्यात अजिबात नको.

बुडाशी पिल्लं येतील. त्यातलं निव्वळ हिरवं दिसलं की लगेच काढा, ते जोरानं वाढून पट्टेरीला दाबतं. काढताना हातमोजे घालाच, याच्या चिकानं कातडीची भयंकर आग होते. घरात लहान मुलं असतील तर टोकाचे काटे छाटून टाका, रोपाला काही होत नाही.