थंब, शॉट आणि रक्ताचा रिपोर्ट

जळगावची एमआयडीसी, भुसावळ, धुळे, नरडाणा आणि नंदुरबारकडून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांचं दुखणं एकाच जागी आहे. मशीनसाठी किंवा उपचारासाठी काढलेला आकडा पुढे माणसाच्या नावावर चढतो आणि मग पगाराला हात घालतो.

भाऊ, मी इंजेक्शन मोल्डिंगवर ठिबकच्या फिटिंग काढतो. मशीनला टॅब लावलाय, त्यावर ओईई ७५ दिसतं. साहेब म्हणतात ८५ पाहिजे, नाहीतर इन्सेन्टिव्ह नाही. दिवसभर दम घेत नाही, मग मन्हं काय चुकनं? – ऑपरेटर, जळगाव

आधी हा आकडा उलगडू. ओईई म्हणजे ‘ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस’, मशीनची एकूण कार्यक्षमता. हा तीन गोष्टींचा गुणाकार असतो. मशीन किती वेळ चाललं, चालताना किती वेगाने चाललं आणि निघालेला माल किती चांगला होता, या त्या तीन गोष्टी. समजा ८ तासांची शिफ्ट आहे. जेवणाचा अर्धा तास वजा केला की ४५० मिनिटं उरतात. मोल्ड (साचा) ४ कॅव्हिटीचा, म्हणजे एका फेऱ्यात, ज्याला शॉट म्हणतात, ४ नग निघतात. ठरलेली सायकल, म्हणजे एका शॉटचा वेळ, ३० सेकंदांची. मशीन ५४ मिनिटं बंद राहिलं, म्हणजे ३९६ मिनिटं चाललं. उपलब्धता ८८ टक्के. तेवढ्या वेळात ७९२ शॉट पडायला हवे होते, पडले ७००. वेग ८८.४ टक्के. २,८०० नगांतले ८४ रिजेक्ट झाले. गुणवत्ता ९७ टक्के. गुणाकार आला ७५.४. ताळाही करून बघा. चांगले नग २,७१६, आणि ४५० मिनिटांत जास्तीत जास्त निघाले असते ३,६००. भागाकार तोच येतो.

साहेबांचा ८५ हा आकडा सेइची नाकाजिमा या जपानी तज्ज्ञाच्या मांडणीतून आला आहे. उपलब्धता ९०, वेग ९५ आणि गुणवत्ता ९९ धरली की गुणाकार ८५ च्या आसपास जातो. मशीनचा वेळ कुठे वाया जातो हे शोधण्यासाठी ती मांडणी होती. तिच्यावर ऑपरेटरचा इन्सेन्टिव्ह टांगणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटरचा पगार कापणं.

आता तुमचे २५ टक्के कुठे गेले ते बघू. ५४ मिनिटांतली वीज किती वेळ गेली, हॉपरला (कच्चा माल भरायच्या भांड्याला) माल किती वेळ नव्हता, मोल्ड बदलायला फिटर किती उशिरा आला, हे टॅबवर कारणासकट नोंदवा. बंदच्या कारणांत ‘इतर’ असं बटण असतं. घाईत सगळे तेच दाबतात आणि महिनाअखेरीस ‘इतर’चा अर्थ ‘ऑपरेटर’ असा लागतो. कारणं आठ-दहाच ठेवायला सांगा, पण वीज, माल, मोल्ड आणि मेंटेनन्स ही वेगळी हवीत. शिफ्ट संपताना आठवून भरू नका. सगळे थांबे ५ आणि १० च्या पटीत दिसले की समजावं, नोंद अंदाजाने झाली.

वेगाच्या खात्यात छुपा मामला असतो. ९२ शॉट कमी पडले म्हणजे ४६ मिनिटं गेली. पण ठरावीक मर्यादेखालचे थांबे, समजा २ मिनिटांपेक्षा कमी, बरीच सॉफ्टवेअर ‘बंद’मध्ये धरतच नाहीत. गेट, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरायचं तोंड, अडकला, पीस मोल्डला चिकटला, दार उघडून काढला, असे दीड मिनिटाचे ३० थांबे झाले की ४५ मिनिटं संपली. कागदावर मात्र ‘मशीन चालू, माणूस हळू’ असं उमटतं. ही मर्यादा किती ठेवली आहे, ते लेखी विचारा.

काउंटरही तपासून घ्या. मोल्ड बंद झाला की जवळ आलेला भाग ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर एक मोजतो, अशी जोडणी असेल तर सेटिंग करतानाचे रिकामे फेरेही शॉट म्हणून मोजले जातात. सेन्सर ढिला असला, तर एकाच फेऱ्यात दोन पल्स (मोजणीचे इशारे) येतात. १०० शॉट हाताने मोजा आणि टॅबशी ताडून बघा. एका-दोनाचा फरक चालेल, पाचाचा नाही. पल्सनंतर सायकलच्या निम्मा वेळ, म्हणजे इथे १५ सेकंद, दुसरी पल्स घ्यायची नाही असं सेटिंग केलं की दुहेरी मोजणी थांबते. शॉटचा सिग्नल इंजेक्शन पूर्ण झाल्यावर घेतलेला बरा. एखादी कॅव्हिटी बंद करून मोल्ड चालवत असाल, तर सिस्टीममध्ये ४ चे ३ झाले का, हेही बघा. नाहीतर ७०० शॉटमागे ७०० नग हवेतच गायब होतात.

ठरलेली सायकल बारमाही एकच धरणं हीही एक चूक. सायकलचा मोठा हिस्सा कूलिंगचा असतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्याला दोष द्यायची सवय आहे. पण पाणी कूलिंग टॉवरवरून येत असेल तर गोष्ट उलटी आहे. टॉवर हवेच्या ओल्या तापमानावर, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानावर, चालतो. मे महिन्यात ४५ अंश आणि १२ टक्के आर्द्रता असताना ते २२-२३ अंश असतं. ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८० टक्क्यांना ते २७ वर जातं. म्हणजे टॉवरचं पाणी पावसाळ्यात जास्त गरम! हवेवर थंड होणारा चिलर असेल तर मात्र मे महिन्यात तोच धापा टाकतो. म्हणून मोल्डमध्ये जाणाऱ्या पाण्याचं तापमान शिफ्टमध्ये तीनदा लिहा, आणि प्रत्येक वेळी सलग २० सायकल स्टॉपवॉचवर घ्या. वेगाच्या वादात हा कागद टॅबपेक्षा जास्त बोलतो.

एक गोष्ट मात्र करू नका. आकडा वाढवायला कूलिंगचे ३-४ सेकंद कापू नका. पीस मशीनवर चांगला दिसतो, पण पॉलिप्रॉपिलीन साच्यातून निघाल्यावरही आकसत राहतं. दुसऱ्या दिवशी फिटिंग वाकडी निघते किंवा पाइपवर बसत नाही, आणि तो लॉट तुमच्या शिफ्टच्या नावाने परत येतो.

रात्रपाळीचं प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये नेहमी गडबडतं. एक दिवस खूप कमी, एक दिवस जास्त. – सुपरवायझर, धुळे

रात्री ११ ते सकाळी ७ ही पाळी तारखेच्या दोन्ही बाजूंना पडते. एक्सेल मध्यरात्रीला तारीख बदलतं, त्यामुळे एक तास एका दिवसात आणि सात तास दुसऱ्या दिवसात जातात. नोंदीच्या वेळेतून ७ तास वजा करून मग तारीख काढा. उत्पादनाचा दिवस आपोआप सकाळी ७ ते सकाळी ७ असा होतो. मशीनच्या पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) आणि ऑफिसच्या सर्व्हरचं घड्याळ आठवड्यातून एकदा जुळवा. त्यांच्यात दहा मिनिटांचा फरक असला तरी पाळीच्या तोंडावरचा माल भलत्याच माणसाच्या नावे जातो.

डाळ मिलमध्ये काम आहे. हजेरीच्या मशीनवर थंब (अंगठा) लागत नाही, म्हणून महिन्यात तीन अर्धे दिवस कापले. गेटवर तर मी वेळेत होतो. – कामगार, जळगाव

पोती उचलून बोटांच्या रेषा झिजतात, आणि वर डाळीची भुकटी व तेल बसतं. सेन्सरला मग बोट दिसतं, रेषा दिसत नाहीत. नोंदणी पुन्हा करून घ्या. अंगठा सोडा. कमी वापराच्या हाताची मधली आणि अनामिका, शिवाय दुसऱ्या हाताचं एक, अशी किमान तीन बोटं द्या. हात धुवून, पुसून, बोटावर थोडा ओलावा असताना नोंदवा, कारण कोरडं, भेगाळलेलं बोट काचेवर नीट उमटत नाही. मशीन दारात थेट उन्हात लावलं असेल तर आत सरकवायला सांगा, काच रोज मऊ कोरड्या कापडाने पुसायला लावा. इतकं करूनही नाहीच जमलं, तर तुमच्यासारख्यांना कार्ड द्यावं. एका सेन्सरपायी माणसाला रोज गुन्हेगारासारखं उभं करण्यात कुणाचा फायदा?

पैशाचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेपुरतीच करता येते. थंब न लागणं ही गैरहजेरी होत नाही. तिला दंड म्हणायचं असेल, तर तो कोणत्या चुकीसाठी ते आधी जाहीर केलेलं हवं, तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, आणि एका पगाराच्या काळातला एकूण दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. फसलेला प्रयत्न बऱ्याच मशीनमध्ये साठतच नाही, म्हणून पुरावा तुम्हीच तयार करा. थंब फसला की त्याच मिनिटाला गेटच्या रजिस्टरमध्ये वेळ टाका, वॉचमनची सही घ्या आणि पानाचा फोटो काढा. तीन तारखा लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

भाचा धडगावचा आहे. नरडाण्याला नोकरी लागली, मेडिकलमध्ये सिकलसेलचं विचारतात. शाळेतल्या तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ सांगितलं होतं. सांगावं की लपवावं? – शिक्षक, नंदुरबार जिल्हा

‘पॉझिटिव्ह’ या शब्दानेच निम्मा घोळ केला आहे. शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी टेस्ट होते. ती वाहकालाही, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक असलेल्यालाही, पॉझिटिव्ह येते आणि रुग्णालाही. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पुढच्या तपासणीत कळतो. रिपोर्टवर ‘एएस’ असेल तर मुलगा वाहक आहे, ‘एसएस’ असेल तर आजार आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर ० ते ४० वयाच्या तपासणीवर आहे. पहिली चौकशी जवळच्या सरकारी दवाखान्यात करा आणि पक्का रिपोर्ट हातात घ्या.

वाहक असेल तर तो बहुतेक कामांना पूर्ण फिट असतो. काळजी एकाच गोष्टीची. भट्टीजवळ किंवा मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये जड काम असेल तर पाणी तासातासाला प्यावं आणि पहिले आठ-दहा दिवस कामाचा वेग हळूहळू चढवावा. खरं तर हे सगळ्याच कामगारांना लागू आहे. लघवीत रक्त दिसलं तर मात्र लगेच डॉक्टरकडे जावं. ‘एसएस’ असेल तर उष्णता, थंडी, पाणी कमी पडणं आणि अति श्रम यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो, त्यामुळे कामाची जागा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावी. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, आणि त्या कायद्यानुसार खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. निव्वळ वाहक असणं त्या यादीत येत नाही.

आता सांगावं का. लेखी फॉर्मवर खोटं लिहू नका. नंतर तेच कारण पुढे करून नोकरीवरून काढता येतं. पण सगळा रिपोर्ट एचआरच्या फाइलमध्ये जायचंही कारण नाही. मालकाला कळायला हवं ते इतकंच की मुलगा कामाला फिट आहे, अनफिट आहे की काही अटींवर फिट आहे. डॉक्टरांकडून तेवढंच सर्टिफिकेट मागा, उदाहरणार्थ ‘फिट, उष्ण जागी पाण्याची सोय हवी’. रक्ताचा कागद डॉक्टर आणि मुलगा यांच्यात राहू द्या.

कायद्यात इथे एक भोक आहे, तेही माहीत असावं. नोकरीची अट म्हणून एचआयव्ही तपासणी मागायला २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार जनुकीय माहितीवरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. आपल्याकडे जनुकांबद्दल असा वेगळा कायदा नाही. २०११ च्या आयटी नियमांत मात्र वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक ही संवेदनशील माहिती धरली आहे, आणि ती गोळा करण्याआधी लेखी संमती लागते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या पाळायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची एक वाटही ठेवली आहे. म्हणून कायद्याच्या भरवशावर बसण्यापेक्षा कागदच कमी द्यावा.

कंपनीत मोफत डीएनए तपासणीचा कॅम्प आहे. थुंकी द्यायची, कोणता आजार होईल ते सांगतात. द्यावी का? – क्लार्क, भुसावळ

फुकट कशासाठी, हे आधी विचारा. नमुना किती दिवस ठेवणार, तिसऱ्याला देणार का, मालकाला काय कळणार आणि सांगितल्यावर नमुना नष्ट करणार का? उत्तरं कागदावर मिळाली नाहीत तर देऊ नका.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, डीएनए बदलत नाही. शिवाय तुमच्या रिपोर्टमध्ये भाऊ-बहिणींचाही अर्धा रिपोर्ट असतो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. अमेरिकेतल्या ‘ट्वेंटी थ्री अँड मी’ या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली. मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ग्राहकांची माहिती तिच्या मालमत्तेचा भाग म्हणून विक्रीला आली. विम्याच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘आनुवंशिक आजार’ असं सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं होतं. पण क्लेमचा वाद कोर्टापर्यंत न्यायचा खर्च आपल्याला परवडतो का, तेही बघा. घरात एखादा आजार पिढ्यान्पिढ्या असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्वतःच्या पैशाने, तेवढीच एक तपासणी करा.

हजेरीचं ॲप स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकायला सांगितलंय. रात्री घरीही लोकेशन बघतात का? – फिटर, नरडाणा

परवानगी दिली असेल तर बघू शकतात. सेटिंगमध्ये ॲप उघडा, परवानग्यांत लोकेशनला ‘ॲप वापरतानाच’ निवडा. संपर्क, एसएमएस, फोटो बंद करा, हजेरीला त्यांची गरज नसते. ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी मागत असेल तर थांबा, तिच्या जोरावर फोन लॉक करता येतो, अख्खा पुसताही येतो. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे. ॲप त्यात टाकायला सांगा, म्हणजे घरची बाजू कंपनीला दिसत नाही.

पत्र्याच्या शेडखाली जीपीएस भरकटतो. ॲपमध्ये हजेरीची हद्द ५० मीटरची ठेवली असेल तर मशीनजवळ उभं राहूनही ‘बाहेर’ दाखवेल. हजेरी गेटवर उघड्या आभाळाखाली लावा आणि हद्द १५०-२०० मीटर करायला सांगा. सुटी झाली की लोकेशन बंद करा.