जुन्या जीप-पिकअपचं पुढचं काम काढताना

भाऊ, गाडी एका बाजूला ओढते म्हणून लगेच पाटे (लीफ स्प्रिंग) उतरवू नकोस. आधी पुढचं चाक जॅकवर उचल, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लाव, चाक वर-खाली धरून हलव. खेळ जाणवला तर कुणाला ब्रेक दाबायला लाव. खेळ थांबला तर बेअरिंग ढिली, तरीही राहिला तर किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) गेलेली. आडवं हलवल्यावर खडखड आली तर टाय रॉडचे एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याची टोकं) बघ.

रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यांतली काळी माती शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीत) घट्ट बसते, वाळली की ग्रीस आत जातच नाही. म्हणून बुश (पिनेभोवतीचं अस्तर) आणि पिना नीट तपास. नट आदल्या रात्रीच तेलात भिजव.

बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदल. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घे, तिथे पैसे वाचवू नको. पाट्यांची थप्पी धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसलंय ना, ते बोटाने चाचप, नाहीतर ॲक्सल तिरका बसतो. पाट्याखाली पाचर असेल तर जाड बाजू कुठे होती ते खडूने लिहून ठेव.

आणि हे जीव तोडून सांगतो: रबरी बुश असतील तर गाडी उचललेली असताना शॅकलचे नट पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकव, वजन येऊ दे, मग आवळ. लटकत्या पाट्यावर आवळलं की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चांगले मिस्त्रीही घाईत इथेच चुकतात.

माल भरून कन्नड घाट चढण्याआधी गाडी रिकामी फिरव, यू-बोल्ट पुन्हा आवळ, मग टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते) मोजून घे.