बागेतले प्रश्न : बटणफुलाला कात्री लावताना

प्रश्न : पाच कुंड्यांत गोम्फ्रेना म्हणजे बटणफूल लावलं. फुलं उदंड आली, पण दांडे जेमतेम चार बोटांचे, फुलदाणीत बुडून जातात. वाळवायला ठेवलेल्या फुलांचा तर हात लावताच भुगा झाला. बियाणंच वाईट होतं का?

उत्तर : बियाणाला दोष देण्याआधी पाकिटावर उंची वाचा. ‘बडी’सारखी बुटकी जात वीतभर वाढते. वाफ्याच्या कडेला ती शोभते, पण तिच्याकडून लांब दांड्याची अपेक्षा करू नये. फुलदाणीसाठी दोन फूट किंवा त्याहून उंच होणारी जात घ्यावी.

जात उंच असूनही दांडे आखूड असतील, तर तुम्ही भीत भीत कापताय. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. या झाडाची रीत अशी की मधल्या दांड्यावर फूल येतं आणि त्याच्याखालच्या पेरातून समोरासमोर दोन फांद्या फुटतात. त्या दोन कळ्यांचा जीव वाचवायला आपण बेचक्याच्या वर कात्री लावतो आणि हाती येतं बोटभर देठाचं फूल. कळ्यांची माया सोडा. खाली, पानांच्या एखाद्या जोडीच्या जरा वर कापा. तिथून पुन्हा दोन दांडे येतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडून टाकलात तर सुरुवातीपासूनच जास्त दांडे मिळतील. रोपांत वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवा, दिवसभर ऊन द्या आणि खताचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की नुसती पानं माजतात.

आता भुग्याबद्दल. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर रंगीत छदांचा, म्हणजे फुलाला लागून असलेल्या बारीक पानांचा, गेंद असतो. खरी फुलं त्यांच्यात दडलेली, इवलीशी, पांढरट. छदं ताजी असतानाच कागदासारखी कोरडी असतात, म्हणून तर वाळल्यावरही आकार राहतो. मात्र गेंद झाडावर वाढतच राहतो. गोल होता तो लांबट होतो, वरून नवी छदं येतात आणि खालची बियांसकट गळू लागतात. तुम्ही बहुतेक या लांबट अवस्थेत कापलीत. गेंद पूर्ण रंगला, गोल आहे आणि बोटांत दाबला तर घट्ट लागतो, तेव्हाच कापा.

पानं काढून आठ-दहा दांड्यांच्या जुड्या बांधा आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगा. दोन-तीन आठवडे लागतात. मी एकदा घाईने कपड्यांच्या दोरीवर भर उन्हात टांगल्या होत्या. वाळल्या झटपट, पण जांभळ्याचा रंग विटक्या ओढणीसारखा झाला! दोर घट्ट आवळा, दांडे सुकून बारीक झाले की जुडी सुटते. ताजी फुलं फुलदाणीत आठवडाभर सहज टिकतात. आधी पिवळी पडतात ती पानं, म्हणून पाण्यात बुडणारी काढून टाकावीत.

प्रश्न : कापसासारखं बी पेरलं, तीन आठवडे झाले, चारच रोपं उगवली.

उत्तर : त्या कापसामुळे बी मातीला नीट चिकटत नाही. हातावर चोळून लव कमी करा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि पातळ मातीखाली झाका. उघड्यावर राहिलं तर रुसतं. माती उबदार हवी, २१ ते २४ अंश सेल्सिअस. मग दहा-चौदा दिवसांत कोंब दिसतात. गारठ्यात पेरलंत तर वाट बघत बसाल. उगवल्यावर मात्र पाणी बेताने, नाहीतर कोवळी रोपं मुळाशी कुजून आडवी होतात. मोठं झाड पाण्याचा ताण छान सोसतं. राजगिरा, माठ, कोंबडा यांच्याच कुळातलं आहे ते.

प्रश्न : माझ्याकडे लालभडक गेंदांचं झाड आहे. जांभळ्यासारखंच वागेल का?

उत्तर : बहुधा ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ असावं. ती वेगळी प्रजाती, गोम्फ्रेना हागेआना. जांभळं, गुलाबी, पांढरं हे सहसा गोम्फ्रेना ग्लोबोसा. निगा तीच. फक्त दांडे जरा बारीक असतात, वाऱ्याच्या जागी काठीचा आधार द्या.